एक्केचाळीस होकार

लवूभावजी आले तेव्हा माझा अध्याय चालू होता. पोथी मिटेपर्यंत मी कुणाशी बोलत नाही हे वाडीत सगळ्यांना ठाऊक, म्हणून ते पायरीवर बसून राहिले. पण बसणं नेहमीचं नव्हतं. एरवी किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढून आले की खांबाला टेकतात, तंबाखू मळतात. आज हातात घडी केलेला कागद होता आणि तो ते गुडघ्यावर आपटत होते. मी एकही ओवी गाळली नाही, पण माझं लक्ष त्या आपटण्याकडेच होतं, हे खरं सांगते.

पोथीला नमस्कार करून बाहेर आले.

"वैनी, ह्यां तुमी बोललास?"

"काय तां?"

"वाचा. पयलां नाव तुमचांच आसा."

आमच्या वाडीच्या फोनवरच्या ग्रुपचा छापलेला कागद होता. वर प्रितेशचं गाऱ्हाणं, देवापुढे घालतात तसलं मागणं. प्रितेश म्हणजे माझ्या नणंदेचा मुलगा, वाडी मंडळाचा सेक्रेटरी. त्यानं लिहिलं होतं, "बा देवा रवळनाथा, म्हाराजा! आमची रापणीची जागा पाण्यावरच्या खेळांच्या कंपनीक अकरा वर्सांसाठी देवक वाडी राजी आसा. ह्येतून सगळ्यांचा भला कर, पोरांका घराकडेच काम मिळांदे, म्हाराजा!" आणि खाली ओळीनं नावं. नर्मदा : व्हय म्हाराजा. जानकी : व्हय म्हाराजा. बाळा, चंदन, यमुनाबाई, सगळे व्हय म्हाराजा. मोजले नाहीत, पण एक्केचाळीस असणार हे मला न मोजता कळलं. तारीख गेल्या गुरुवारची.

"पंचायतीत लागलोहा ह्यो कागद," लवूभावजी म्हणाले. "सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत वाडयेची ना-हरकत म्हणून वाचतले. एकदा वाचलो की जागा गेली. माझो फोन बटनाचो, माका ग्रुप-बिप काय म्हायत नाय. पण वैनी, तुमी?"

मी कागद परत वरून वाचायला घेतला.

आमची वाडी तोंडवलीच्या पलीकडे, खाडी आणि समुद्र यांच्या मधल्या पट्टीवर. चौसष्ट घरं. पुढचा वाळूचा तुकडा कुणाच्या एकट्याच्या नावावर नाही, तो रापणीचा. होडी जाळं घेऊन अर्धगोल फिरून येते आणि मग दोन्ही बाजूंनी माणसं ते किनाऱ्यावर ओढतात. दोरीला हात लावील त्याला वाटा. माझे यजमान गेले त्याला आठ वर्षं झाली, तरी माझा वाटा कधी चुकला नाही. काही दिवस चार बांगडे, काही दिवस नुसती बोटाएवढी मोतकं, पण पाटी दारात येते. मी सोमवार, गुरुवार, एकादशीला मासळी खात नाही, त्या दिवशीचा वाटा शेजारी जातो. पण येतो. ती वाळू गेली की जाळं पसरायला जागा नाही, होडी लावायला जागा नाही. मग रापण नाही.

आणि त्या कागदावर पहिला होकार माझा.

तो मी दिला नव्हता. पण दिला नव्हता असंही म्हणता येत नव्हतं. ते कसं, ते आधी सांगते.

टाळेबंदीत देऊळ बंद झालं, तेव्हापासून वाडीच्या ग्रुपवर गाऱ्हाणं घालायची पद्धत पडली. कुणाची परीक्षा, कुणाचं ऑपरेशन, कुणाची होडी पहिल्यांदा पाण्यात जायची. जो तो आपलं गाऱ्हाणं लिहायचा आणि बाकीचे खाली व्हय म्हाराजा म्हणायचे. देवळात गाऱ्हाण्याला लोकांनी साथ दिली नाही तर ते तिथंच अडकतं, देवापर्यंत पोचत नाही, असं आम्ही मानतो. शिवाय साथ दिली म्हणजे आपण त्यात आलो. उद्या मागे फिरता येत नाही. एकदा एका मुलीच्या बापाचं गाऱ्हाणं दुपारभर तसंच पडलेलं मी पाहिलं आणि ठरवलं, ह्या ग्रुपवरचं एकही गाऱ्हाणं माझ्या साथीशिवाय राहणार नाही. नेमच धरला. सकाळी पोथी, मग तुळस, मग फोन.

तीन वर्षं चाललं. मग कार्तिकात माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, पंधरा दिवस फोन बघायचा नाही. मला नेम मोडायची भीती. माझी सून सलोनी घरातूनच कंपनीचं काम करते. मंगेश, माझा मुलगा, जहाजावर असतो. मी तिला म्हटलं, "माझ्या वतीन तू व्हय म्हण गो." ती हसली. "आई, मी दिवसभर मीटिंगात. त्यापेक्षा यंत्रच लावतंय. गाऱ्हाणां इला की तुमच्या नंबरवरसून आपसूक व्हय म्हाराजा जायत."

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. समईत तेल आपण घालतो, वात रात्रभर आपोआप जळतेच की. असं काहीतरी मी मनाशी म्हटलं असणार.

माझा होकार चोवीस तास, न चुकता, पहिल्या सेकंदाला जायला लागला आणि वाडीत कौतुक सुरू झालं. जानकी शेजारची, माझ्या बरोबरीची, मासळी विकते. तिला पहाटे जेटीवर जावं लागतं. ती म्हणाली, "माका पण लाव गो त्या यंत्राक." मग यमुनाबाई. मग मुंबईचे. महिन्याभरात एक्केचाळीस जणांनी आपापले फोन सलोनीच्या जुन्या लॅपटॉपला जोडून घेतले. प्रितेशचा फोन तर मीच तिच्याकडे नेऊन दिला होता, तो म्हणाला होता, "मामी, सेक्रेटरीची साथ नसली तर बरां दिसत नाय."

खूण मिळाली नव्हती असं नाही. प्रियांकानं, म्हणजे यमुनाबाईच्या सुनेनं, एकदा थट्टेनं लिहिलं, "बा देवा, माझ्या सासूची जीभ आठ दिस लुळी पडांदे, म्हाराजा!" खाली क्षणात एक्केचाळीस व्हय म्हाराजा. त्यात खुद्द यमुनाबाईंचा. सगळी वाडी पोट धरून हसली. यमुनाबाई माझ्याशी चार दिवस बोलल्या नाहीत. मीही हसलेच.

आणि दुसरी गोष्ट. प्रत्येक गाऱ्हाण्याखाली एक्केचाळीस ओळी यायला लागल्यावर लोकांनी ग्रुपचा आवाजच बंद करून टाकला. माझा डोळा बरा झाला, चष्मा आला, पण मीही फोन उघडेनाशी झाले. कुणीतरी माझ्या नावानं साथ देतंय, ह्या भरवशावर. गुरुवारचं प्रितेशचं गाऱ्हाणं वाडीत एकाही माणसानं वाचलेलं नव्हतं.

कागद घेऊन मी सलोनीच्या खोलीत गेले. तिचं काम काय ते मला तेव्हा नीट कळलं. तिच्या कंपनीच्या साइटवर माणसं म्हणून यंत्रंच येतात, खोटे अभिप्राय लिहितात, खोट्या गप्पा मारतात. ती यंत्रं हुडकून काढायची आणि त्यांची खाती बंद करायची.

तिनं कागद वाचला, मग लॅपटॉपमध्ये काहीतरी पाहिलं. चेहरा उतरला.

"आई, तीन सेकंदांत एक्केचाळीस जण. हापिसात असां दिसला असता तर चाय संपायच्या आधी सगळी खाती बंद केली असती मी."

"आणि हय?"

"हय मीच पोसली." तिचे डोळे भरून आले. "दिवसभर लोकांची खोटी माणसां पकडतंय, आणि घरात…"

"तू नाय. मी सांगलंय म्हणून तू केलंस. बंद कर ता."

तिनं बंद केलं. नुसतं एक बटण. तीन महिन्यांचा माझा नेम तेवढाच होता.

"मी पंचायतीक लिहून देतंय," ती म्हणाली. "सगळ्या वेळा काढून देतंय, सेकंदासकट. आणि आई, ह्यां बगा. प्रितेशभावजींचो नंबर. त्येनी स्वतःच्याच गाऱ्हाण्याक स्वतःच व्हय म्हटलाहा. दुसऱ्या सेकंदाक."

मी तशीच प्रितेशकडे गेले. त्याच्या घराला पाहुण्यांसाठी दोन खोल्या काढल्या आहेत, तो त्यातल्या एकीच्या दाराला रंग देत होता.

"मामी! बसा. चाय घेतास?"

"नको. प्रितेश, तो कागद मागे घे."

"खंयचो कागद?"

"एक्केचाळीस नावांचो. ती माणसां बोलली नाय. तुका म्हायत आसा, तुझो फोन मीच दिलेलंय सलोनीकडे."

त्यानं ब्रश डब्यावर आडवा ठेवला. रागावला नाही, हसला. "मामी, यंत्र कोणी लावला? मी? देवाच्या गाऱ्हाण्याक यंत्रान व्हय म्हटला तर तुमका चलता. माझ्या गाऱ्हाण्याक म्हटला तर नाय चलत?"

हे बरोबर काळजात बसलं. "चुकला माझा," मी म्हटलं.

"तुमी मोठ्यान बोला मामी, तुमचा बोलणा रंगाच्या डब्याक पण ऐकाक येत नाय." मग जरा नरमून, "बगा, मी काय माझ्या घरात घालतंय? गेल्या आयतवारी रापण ओढूक चवदा जण होते. त्यातले पाच लवूमामांच्या वयाचे. पोरां मुंबैक जाऊन एका खोलीत सात जण रवतत. ह्यां खेळाचां काम हय इला तर घराकडे रवतली."

ते चौदा जण मीही पाहिले होते. तो खोटं बोलत नव्हता.

"मगे तसां लोकांका तोंडार इचार."

"इचारून ह्या वाडयेत कधी काय झालाहा? देवळाच्या कौलांचो रंग ठरवूक तीन वर्सां गेली. कागद पंचायतीत गेलो मामी. आता सोडा."

मी सोडलं नाही. चपला तशाच, पंचायतीत गेले. ग्रामसेविका नवीन आहेत, घाटावरच्या, पण बोलायला सरळ. त्यांनी कागद फाइलमधून काढला, माझं आधार कार्ड पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"आजी, यात पहिलं नाव तुमचंच आहे. स्वतःच्या संमतीवर स्वतःच हरकत घेताय?"

"ती संमती माझी नाही. यंत्राची आहे."

"यंत्र तुमच्या सांगण्यावरून लावलेलं?"

"हो."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग मी काय लिहू? असं करा. ज्याचं त्याचं म्हणणं ज्यानं त्यानं सांगितलं तर मला नोंदवता येईल. सभेला स्वतः यायचं. बाहेरगावच्यांनी हातानं लिहून सही करून पाठवायचं. किमान निम्म्यांनी तरी 'हे मी बोललो नाही' असं सांगितलं, तर हा कागद बाजूला ठेवायला मला आधार मिळेल. एकट्या तुमच्या शब्दावर नाही. आज मंगळवार. सोमवारी झेंडावंदन झालं की सभा."

मंगळवार ते रविवार, सहा दिवस. एक्केचाळीसमधली मी वजा केले तर चाळीस.

घरी येऊन देवासमोर उभी राहिले आणि संकल्प सोडला. रोज सात जणांशी, समोरासमोर किंवा फोनवर, पण माझ्या तोंडानं त्यांच्या कानाशी बोलल्याशिवाय अन्नाला शिवणार नाही. सलोनी म्हणाली, "आई, ग्रुपवर एक मेसेज टाकलो तर सगळ्यांका एकदम कळात." मी म्हटलं, "ग्रुपवर कोण वाचता गो?" मग तिनं वही घेतली आणि चाळीस नावं लिहून दिली. तिचं लिहिणं इतकं सुबक की मला वाटलं, हे काम होईल.

पहिल्या दिवशी दुपारचे तीन वाजले जेवायला. दुसऱ्या दिवशी पाच.

यमुनाबाईंनी मला दारातच धरलं. "ये ये. तुझ्या यंत्रान माझी जीभ लुळी पाडलीहा ना? मगे लुळ्या जिभेन मी तुझ्याशी काय बोलू?"

"यमुनाबाई, माझी चूक झाली. कान धरतंय."

"धर. दोनय धर."

मी खरंच धरले. आतून प्रियांका खुदखुदली, तेव्हा यमुनाबाई तिच्यावर फिरल्या. "तू कित्याक हसतंस गो भवाने? सुरवात तुझी!" मग मला म्हणाल्या, "आता सांग, काय भानगड ती." मी सगळं सांगितलं. त्यांनी कागदावरचं आपलं नाव बोटानं शोधलं, आणि ते सापडल्यावर जो काही संताप झाला, तो माझ्यावर नव्हता. "माझ्या घोवान ह्या जाळ्यात हाडां झिजवली, आणि मी व्हय म्हणान? सोमवारी सभेत पयल्या बाकार बसतलंय मी. तुझो तो प्रितेश माका बगून घेवदे."

असं सगळीकडे झालं नाही. नालासोपाऱ्याच्या चंदनला फोन केला, माझ्या चुलत दिराचा मुलगा. तो म्हणाला, "काकी, मी वर्साक दोनदा येतंय. तुमी ठरवा तां माका मान्य. तुमी म्हणशात त्येका माझो व्हय."

"नाय रे चंदन. तांच नको माका."

"म्हंजे?"

"माझ्या मागसून व्हय नको म्हणू. जागा दिली तर काय, नाय दिली तर काय, तू इचार कर. काय वाटता तां हातान लिही."

"काकी, हापिसात आसंय मी. हातान लिहूक पेन पण नाय हय." त्यानं फोन ठेवला. मी वहीत त्याच्या नावासमोर खूण केली, कारण बोलणं तर झालं होतं. पण जेवण गोड लागलं नाही.

चौथ्या दिवशी जानकी. मुद्दाम मागे ठेवली होती, सर्वांत जवळची म्हणून सोपी वाटली होती. ती अंगणात पाटी धूत होती. मी सांगत गेले, ती धूत गेली. पाणी ओतलं, पाटी उपडी घातली आणि म्हणाली, "नर्मदे, यंत्र बोलला तां माझ्या मनातलाच होता."

"काय?"

"माझ्या झिलाक त्या कंपनीत काम सांगलाहा प्रितेशान. पाण्यावरची स्कूटर चलवूचा. तो परत येतलो घराकडे. बारा वर्सां झाली तो माझ्या वांगडा नाय. तुझो मंगेश जहाजार, तुका नाय कळणा?"

मला कळत होतं. चार दिवसांत पहिल्यांदा वाटलं, हिला मी सभेला यायचं सांगूच नये. ती आली नाही तर एक मत कमी. मनात आलं ते लपवून काय करू? आलं. तीन महिने दुसऱ्यांच्या तोंडी होकार घालणारी मी, आता हिच्या तोंडातून काढून घेणार होते.

"मगे सोमवारी ये," मी म्हटलं. "आणि ह्यांच सांग. तुझ्या तोंडान सांग."

"तुझ्या इरोधात सांगतलंय मी."

"सांग."

ती माझ्याकडे बघत राहिली. "तुका भूक लागलीहा. तोंड बग कसा झालाहा. जेवन जा."

"अजून दोन रवलेहत."

"भारी हट्टी गो तू," ती म्हणाली. आणि स्वतःच दोन घरं पुढे जाऊन राधाबाईला हाका मारून बाहेर काढलं, मला तेवढी पावलं कमी पडावीत म्हणून.

बाळा होडीवर, रेंजच्या बाहेर. त्याची बायको म्हणाली, रविवारपर्यंत येईल. गुरुवारी तो समुद्रातच होता, तरी त्याच्या नावानं होकार गेला होता. सलोनीनं ते वेगळ्या कागदावर लिहून ठेवलं. रविवारी दुपारी त्याची होडी लागली, तेव्हा मी वाळूत उभी होते. त्याला सांगितलं तर तो म्हणाला, "आवशीक खाव! मी थंय जाळ्यात अडकलेलंय आणि हय माझ्या नावान जागा दितत?" एवढं पुरे होतं.

रविवारी वहीत बघितलं, तर एकोणचाळीस खुणा. एक नाव कोरं, प्रितेश. त्याच्याकडे मी भांडायला गेले होते, विचारायला नाही. पाहुण्यांना घेऊन तो वेंगुर्ल्याला गेला होता, फोन उचलत नव्हता. रविवारी मी जेवले नाही. सोमवारी तर माझं एकभुक्तच.

झेंडावंदन झालं, लाडू वाटले आणि सभा सुरू झाली. शाळेचा हॉल भरला होता. वाडीतल्या अठ्ठेचाळीस घरांतून माणूस आलेला, इतकी माणसं जत्रेलाच बघितलेली. यमुनाबाई पहिल्या बाकावर. ग्रामसेविकांनी विषय वाचला आणि म्हणाल्या, "यावर हरकत आहे. आजी, बोला."

मला माइक दिला. मी बोलले ते कुणालाच ऐकू आलं नाही. मागून कुणीतरी ओरडलं, "मोठ्यान!" कुणी म्हणालं, "काकी देवाशी बोलतत, आपल्याशी नाय!" हशा झाला. मी माइक तोंडाजवळ धरला, अगदी दातांना लागेपर्यंत.

"माका सगळी नेमाची बाय म्हणतत," मी म्हटलं. आवाज भिंतीवर आपटून परत आला, तो माझाच आहे हे मला क्षणभर कळलं नाही. "तीन महिने माझो नेम यंत्र करी होता. तुमच्या पोराच्या परीक्षेक मी व्हय म्हटलंय, तां मी नाय, यंत्र. राधाबाय, तुझ्या ऑपरेशनाक व्हय म्हटलंय, तां पण यंत्र. मी वाचलंय पण नाय. तुमी माका दुवा दिलास, तो मी घेतलंय. ह्यां माझां पाप, ह्यां मी हय सगळ्यांसमोर सांगतंय. आणि त्याच यंत्रान ह्या कागदार एक्केचाळीस होकार दिलेहत. त्यातलो एकय कोणी तोंडान दिलेलो नाय."

राधाबाईनं मान खाली घातली. ते मला सर्वांत जड गेलं.

प्रितेश उठला. "मामींची चूक मामींनी कबूल केली, बरां झाला. पण नंबर ज्येचो त्येचो होतो. फोन ज्येनी त्येनी जोडलो. जबाबदारी ज्येची त्येची."

तेव्हा सलोनी उभी राहिली. ती ग्रामसेविकांकडे वळून शुद्ध मराठीत बोलली, कागद वाचत, एकही शब्द वाढवला नाही. "गुरुवारी अकरा वाजून वीस मिनिटांनी संदेश आला. पुढच्या तीन सेकंदांत एक्केचाळीस उत्तरं गेली. बाळा समुद्रात होता, त्याचा फोन बंद होता, तरी त्याचं उत्तर आहे. आणि सेक्रेटरींनी स्वतःच्या संदेशाला स्वतःच उत्तर दिलं आहे, दुसऱ्या सेकंदाला. यंत्र मी बसवलं होतं. हे सगळं मी सही करून देते आहे."

"आपल्याच गाऱ्हाण्याक आपणच साथ?" यमुनाबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. "वा रे सेक्रेटरी! नारळ पण तूच फोडलंस, आणि खोबरा पण तूच खाल्लंस!"

हॉल हसला. प्रितेश हसला नाही. खाली बसला.

मग ग्रामसेविकांनी एकेकाला उठवलं. 'हे मी बोललो नाही' असं सांगणारे सत्तावीस जण झाले. मुंबईची सहा पत्रं धरून. त्यातलं एक चंदनचं. एका पावतीच्या मागे लिहिलेलं, अक्षर कोंबडीच्या पायासारखं : 'मी ते वाचलं नव्हतं. आता वाचलं. माझ्या बापाचा वाटा त्या वाळूत आहे, देऊ नये.' ग्रामसेविकांनी छापलेल्या कागदावर लाल पेनानं आडवी रेघ मारली आणि म्हणाल्या, "हा कागद ग्राह्य नाही. आता जो ठराव आहे तो इथंच, तोंडी. जागा द्यावी असं ज्या घराला वाटतं, त्यांनी उभं राहावं."

एकदम कुणी उठेना. मग जानकी उठली. एकटीच. माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझो झिल घराकडे येवक होयो. जागा दिवची." तिचा आवाज फाटला. तिला बघून आणखी उठले. एकोणीस घरं. मी मोजत होते, आणि त्यातली चार घरं मी स्वतः जाऊन, उपाशीपोटी, सभेला बोलावून आणलेली.

"देऊ नये असं ज्यांना वाटतं, त्यांनी."

लवूभावजी उठले, मग त्यांच्यामागे सगळी एक बाजू उठल्यासारखी झाली. बाळा, राधाबाई, प्रियांका. यमुनाबाई घराचं मत सुनेनं दिलं तरी उभ्या राहिल्या. त्यांना बसवावं लागलं. एकोणतीस घरं.

ग्रामसेविकांनी लिहिलं, वाचून दाखवलं, जागा रापणीची राहील. लवूभावजींनी टोपी काढून कपाळ पुसलं. एवढंच. सभा रस्त्यांच्या दिव्यांकडे वळली.

बाहेर प्रितेश पायऱ्यांवर मोटरसायकलची किल्ली बोटात फिरवत उभा होता. माझी वही पिशवीत होती. मी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"काय मामी? जिंकलास ना? पुढच्या सभेत परत हाडतलंय मी ठराव."

"हाड. मी येतलंय. पण तुका एक इचारूचा रवला."

"आता काय?"

"त्या दिवशी मी तुझ्या दारात इलंय ती भांडूक. तुझा म्हणणा काय, तां इचारलंयच नाय. तुझ्या नंबरान दुसऱ्या सेकंदाक सांगितला, तां सोड. तू सांग."

त्यानं या वेळी थट्टा केली नाही. किल्ली खिशात घातली. "मामी, माझ्या वर्गात तेवीस पोरगे होते. वाडयेत मी एकटो रवलंय. सेक्रेटरी कित्याक झालंय म्हायत आसा? दुसरो कोण नव्हतोच. चवदा जण दोरी ओढतत, दहा वर्सांनी कोण ओढतलो? तुमी जागा वाचवलास. पण ओढूक माणसां खंय आसत?"

"म्हायत नाय रे," मी म्हटलं.

"मगे?"

"मगे ह्यांच त्या हॉलात सांगूचा होता. असां सांगलं असतंस, तर तुझ्या बाजून आणखी धा उठले असते. कदाचित मी पण हललंय असतंय."

आतून दिव्यांच्या खांबांवरून कुणाचा तरी वाद ऐकू येत होता.

"उद्या सकाळी रापण आसा," मी म्हटलं. "सात वाजता दोरीक ये. मी पण येतंय. चवदाचे सोळा होतीत. मगे वाळूत बसून हीच गोष्ट सगळ्यांका सांग. मी तुझ्या बाजूक बसतंय आयकूक."

"तुमची पोथी सात वाजेपर्यंत असता ना मामी?"

"चारक उठतलंय," मी म्हटलं, आणि वही काढून त्याच्या नावासमोर खूण केली.